हिरवा चुडा आणि एनआयसीयूचं दार: इंदूरच्या एका नर्सिंग कॉलेजातलं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंदूरच्या एका खासगी नर्सिंग कॉलेजातलं आहे. माणसं आणि संस्था ओळखू येतील असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. मी तिथे शिकवते. या प्रकरणानंतर गणवेशाचे नियम नव्याने लिहायला जी समिती बसली, तिच्यातही मी होते.

विद्यार्थिनी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची. माहेर देवासचं, सासर इंदूरलाच राजेंद्र नगरच्या बाजूला, आणि दोन्ही घरं मराठी, पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलेली. अशा घरांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पुण्यातल्या नातेवाइकांनी जे रीतिरिवाज कधीच सैल केले, ते इथे अजून घट्ट धरलेले दिसतात. रस्त्यावर, बाजारात, शाळेत सगळीकडे हिंदी. मग मराठीपण उरतं ते चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात, मोदकांत आणि लग्नातल्या हिरव्या चुड्यात. त्यामुळे इथे चुड्याला हात घालणं ही दागिन्यापुरती बाब राहत नाही.

तिचं लग्न माघात झालं. सत्र चालू होतं, म्हणून आठवड्याभराची रजा घेऊन ती परतली. सासरची रीत अशी की लग्नातला काचेचा चुडा सव्वा महिना हातावरून उतरवायचा नाही. आणि परतल्यावर तिची पहिली पोस्टिंग होती एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात.

कॉलेजचे गणवेशाचे नियम माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर इंग्रजीत छापलेले होते. घड्याळ, अंगठ्या, बांगड्या, वाढलेली नखं, नेलपॉलिश, मेंदी, रंगीत क्लिप, मोकळे केस, ठसठशीत टिकली, केसांना लावलेला रंग, आवाज करणारे पैंजण अशी सगळी एकच यादी. प्रत्येकाला दंडही तोच, आणि का नको याचं कारण एकापुढेही दिलेलं नाही.

अडचण कशी उभी राहिली

पहिल्या सकाळी ती एनआयसीयूच्या दाराशी आली तेव्हा दोन्ही मनगटांवर क्रेप बँडेज गुंडाळलेलं होतं. त्याखाली चुडा. बांगड्या वाजू नयेत, कोणाला दिसू नयेत आणि फुटल्या तरी काच बाहेर पडू नये, असा तिचा हिशेब होता. वर हातमोजे घालायचं तिने ठरवलं होतं. गळ्यातलं लांब मंगळसूत्र गणवेशाच्या आत होतं, आणि मेंदी अजून गडद होती.

सिस्टर इनचार्जनी बँडेज पाहून आधी काळजीने विचारलं, हाताला काय लागलं? उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. बाळांचे नातेवाईक, वॉर्डबॉय आणि तिच्याच वर्गातल्या चार मुलींसमोर त्या म्हणाल्या, "ये सब उतारो, फिर अंदर आना." ती तशीच मागे फिरली. त्या दिवशी तिची गैरहजेरी लागली आणि दंडाची चिठ्ठी निघाली. त्याच आठवड्यात आणखी एकीला रंगीत क्लिपसाठी आणि एकीला केसांच्या रंगासाठी तेवढ्याच रकमेची चिठ्ठी मिळाली होती. वर्गात बोलणं सुरू झालं की मॅडमना आमचं नटणंच खुपतं.

इनचार्ज सिस्टरांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता, हे आधी स्पष्ट सांगते. एनआयसीयूत शिरताना कोपरापर्यंत दोन मिनिटं हात धुतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे एरवी साबण-पाण्याने हात धुवायला ४० ते ६० सेकंद आणि हँडरब, म्हणजे हातावर चोळायचं जंतुनाशक, चोळायला २० ते ३० सेकंद लागतात. मनगटावर बांगड्या असतील तर त्यांच्या खालची चामडी ना नीट धुतली जाते ना नीट कोरडी होते. अंगठीखालच्या चामडीवर जंतू जास्त सापडतात, हे वेगवेगळ्या अभ्यासांतून दिसलं आहे. आपल्या देशात नवजात बाळांच्या रक्तात शिरणाऱ्या जंतूंत क्लेबसिएला फार आढळतो, आणि तो एका बाळाकडून दुसऱ्याकडे जातो तो मुख्यतः आपल्या हातांवरून. किलोभर वजनाच्या बाळाची कातडी इतकी पातळ असते की काचेची कपचीसुद्धा इजा करू शकते. सलाईनची नळी बांगडीत अडकून ओढली जाण्याची भीती वेगळीच. आणि ओलं झालेलं क्रेप बँडेज उघड्या बांगडीपेक्षा वाईट. ते दिवसभर ओल धरून ठेवतं.

म्हणजे आत सोडायचं नाही हा निर्णय योग्यच होता. तो ज्या शब्दांत आणि ज्यांच्यासमोर सांगितला गेला, त्यातून पुढचा गुंता झाला.

दुसऱ्या दिवशी सासू-सासरे कॉलेजात आले. सासरे बँकेतून निवृत्त झालेले, शांत बोलणारे. सासूबाई मात्र दुखावलेल्या होत्या. प्राचार्या केरळच्या, त्यांचं हिंदी कामापुरतं. सासूबाईंचं हिंदी चांगलं, पण रागात मराठीच तोंडात येत होतं. त्यामुळे मला मधे बसावं लागलं. सासूबाईंचं एक वाक्य त्या खोलीत बराच वेळ राहिलं: "नव्या नवरीचे हात भुंडे करून तुम्ही तिला कुठे पाठवणार? आमच्या आजीच्या वेळी नर्स व्हायला कोण जायचं, माहीत आहे ना तुम्हाला?"

मला माहीत होतं. पुण्याचं सेवासदन १९०९ मध्ये सुरू झालं. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली तिथून ज्या स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला गेल्या, त्यांत विधवा बऱ्याच होत्या. प्रतिष्ठित घरांनी नाकं मुरडली तरी त्या टिकल्या, आणि मराठी मुलींसाठी हा व्यवसाय त्यांनी खुला केला. माझ्या मनात त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण सासूबाईंच्या मनात त्याच इतिहासाची दुसरी बाजू होती: रिकामं मनगट, पांढरे कपडे आणि इस्पितळ. नियमांच्या यादीत 'बांगड्या' हा शब्द टाइप करणाऱ्याला याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. सासूबाईंना दुसरं काही दिसतच नव्हतं.

कोणते मार्ग समोर होते

प्राचार्यांनी त्याच दुपारी चार-पाच जणींना बोलावलं. पहिली सूचना आली रजेची. सव्वा महिना संपेपर्यंत तिला सुट्टी द्यावी, वाद मिटेल. ऐकायला सोपं, पण भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार परीक्षेला बसायला प्रात्यक्षिकात किमान ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाचे तास शंभर टक्के भरावे लागतात. इतके तास नंतर भरून काढायचे म्हणजे तिची उन्हाळ्याची सुट्टी गेली आणि कदाचित निकालही लांबला. लग्न झालं म्हणून शिक्षण मागे पडलं, हाच संदेश त्यातून गेला असता.

दुसरी सूचना पोस्टिंग बदलण्याची. मुलांच्या साध्या वॉर्डात किंवा ओपीडीत पाठवावं. तिथेही हात धुवावेच लागतात, ताप आलेल्या मुलांना उचलावंच लागतं. धोका थोडा कमी, पण प्रश्न तोच. तरी हा पर्याय आम्ही चार-पाच दिवसांची उसंत म्हणून हाताशी ठेवला.

तिसरी सूचना एका तरुण सहकारी बाईंची. ब्रिटनमध्ये २००७ पासून कोपराच्या खाली हात उघडे ठेवण्याचा नियम आहे, आणि २०१० च्या मार्गदर्शनात शीख कर्मचाऱ्यांना कडं वर सरकवून घट्ट बसवायची मुभा दिली आहे. तसंच बांगड्या वर सरकवल्या तर? कल्पना चांगल्या मनाने मांडलेली होती, पण चुड्याला लागू पडत नव्हती. तो मनगटाच्या मापाचा, काचेचा आणि गच्च भरलेला असतो. वर चढवताना फुटणारच. (कड्याचा प्रश्न पुढच्या वर्षी खरोखर आला. त्या मुलाच्या बाबतीत हाच उपाय साध्या वॉर्डापुरता चालला.)

चौथी सूचना हातमोजे. ती लगेच बाद झाली. हातमोजे घातले म्हणून हात धुणं सुटत नाही, आणि खाली काच असेल तर ते फाटण्याची भीती जास्त.

उरला शेवटचा मार्ग: चुडा उतरवणं. तो उतरवावा लागणार हे सगळ्यांना कळत होतं. कोणी, कुठे, कसा आणि कोणाच्या इच्छेने, हे ठरायचं होतं.

निर्णयाची वळणं

इथे मला थोडं थांबायचं आहे. हे प्रकरण लिहिण्याचं मुख्य कारण या दोन-तीन दिवसांत आहे.

पहिलं वळण आलं तेव्हा कोणीतरी विचारलं, "मुलीशी कोणी बोललंय का?" तोवर सासूबाईंशी बोलणं झालं होतं, इनचार्जशी झालं होतं, प्राचार्यांचा फोन तिच्या वडिलांना गेला होता. तिला मात्र समोर बसवून कोणी काही विचारलं नव्हतं. बहुतेकांनी गृहीत धरलं होतं की सासरचा दबाव आहे, मुलगी बिचारी मधे अडकली आहे. मी तिला ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत एकटीला भेटले. ती म्हणाली, "मॅडम, चुडा मला आवडतो. राजवाड्याच्या बाजारात जाऊन आईबरोबर मीच रंग निवडला होता. घरातून कोणी सक्ती केलेली नाही. बाळाला हात लावताना तो नको, हे मला कळतं. मीच कॅन्युलाच्या, शिरेत नळी घालण्याच्या तासाला पाठ म्हणून दाखवलेलं आहे. पण दारात, सगळ्यांसमोर, चोरी पकडल्यासारखं 'उतारो' म्हटलं, तेव्हा मला तो काढावासा वाटला नाही."

या उत्तराने आमचा सगळा तर्क बदलला. एका प्रौढ विद्यार्थिनीला तिचं नटणं प्रिय होतं आणि तिचं कामही. दोन्हींची वेळ वेगळी आहे हे तिला आम्ही शिकवण्याआधीच ठाऊक होतं. हवी होती ती मान राखून बोलण्याची पद्धत. तरुण मुलींच्या कपड्यांबद्दल, केसांबद्दल, टिकलीबद्दल आम्ही शिक्षिका एरवी ज्या सुरात बोलतो, तो सूर आधीच कानात असताना रास्त नियमसुद्धा त्याच सुरातला वाटतो.

दुसरं वळण सासूबाईंचं. पुन्हा कार्यालयात बोलावून समजावण्याऐवजी त्यांना कौशल्य प्रयोगशाळेत न्यायचं ठरलं. आम्ही हात धुण्याचा धडा पोस्टर कलर वापरून घेतो: साबणाऐवजी हातावर रंग, डोळे मिटून नेहमीसारखे हात चोळायचे, मग डोळे उघडून रंग कुठे पोचला नाही ते पाहायचं. सासूबाईंनी स्वतःच्या बांगड्यांसकट ते केलं. बांगड्या वर सरकवल्यावर खाली चामडीचे कोरे पट्टे दिसले. धुतल्यावर उलटं झालं: हात स्वच्छ, आणि बांगड्यांच्या आतल्या कडेला रंग तसाच. त्या काही बोलल्या नाहीत. सुनेकडे पाहिलं आणि विचारलं, "ती बाळं केवढी असतात गं?" तिने तळहातावर दाखवलं.

मग त्यांनी जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं. "मग काल आत गेले ते डॉक्टर मनगटावर घड्याळ घालून कसे गेले? आणि तुमच्या त्या वॉर्डबॉयच्या हाताला लाल धागा होता, किती दिवसांचा असेल तो?"

प्रश्न अचूक होता. इंदुरात मौली बांधलेलं मनगट घरोघरी दिसतं. देवळात बांधलेला तो धागा महिनोन्‌महिने ओला-सुका होत राहतो. डॉक्टरांच्या घड्याळाचा पट्टा, कोटाची लांब बाही, वॉर्डबॉयचा धागा, सफाईच्या मावशींच्या बांगड्या, यांतल्या एकालाही त्या दाराशी कोणी अडवत नव्हतं. अडवली जात होती ती फक्त विद्यार्थिनी, कारण दंडाची पावती फक्त तिच्या नावाने फाडता येत होती. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातलं सर्वांत मोलाचं निरीक्षण त्या दिवशी एका सासूने केलं.

तिसरं वळण प्राचार्यांचं, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. त्यांनी त्या प्रश्नाला बगल दिली नाही. "हा प्रश्न मी वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी नेते," असं त्यांनी सासूबाईंना तिथल्या तिथे सांगितलं, आणि नेला.

काय केलं

चुडा घरी उतरवायचं ठरलं. ज्या कासाराने भरला होता त्यालाच सासूबाईंनी बोलावलं. त्याने हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून, साबणाच्या पाण्याने एकेक बांगडी अलगद काढली. एकही वाढली नाही, याचं सासूबाईंना फार समाधान वाटलं. बांगड्या हळदीकुंकू लावून देवघरात ठेवल्या. घरी घालायला दोन मापं मोठ्या, सहज निघतील अशा हिरव्या बांगड्या घेतल्या. कामावर छोटं मंगळसूत्र गणवेशाच्या आत आणि कपाळावर टिकली. जोडवी बुटात झाकलेलीच असतात. लांब मंगळसूत्र गुंगीतला रुग्ण ओढू शकतो आणि वाकल्यावर रुग्णाच्या अंगावर लोंबतं, म्हणून ते घरी. साध्या वॉर्डात साधी लग्नाची अंगठी चालू शकते, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मत आहे, पण अतिदक्षता विभाग आणि ऑपरेशन थिएटरमध्ये तीही नको. ती अंगठी घालत नव्हती, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

मेंदीवर समितीत बराच खल झाला. यादीत ती 'दागिने आणि सौंदर्यप्रसाधने' या मथळ्याखाली बंद होती. पण मेंदीचा रंग कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत थरात बसतो; हात धुण्यात तो आड येत नाही. काळ्या मेंदीची गोष्ट वेगळी. तिच्यात अनेकदा पीपीडी हे रसायन मिसळलेलं असतं, त्याने पुरळ आणि फोड येऊ शकतात, आणि फुटलेल्या कातडीने रुग्णाजवळ जाणं दोघांनाही धोक्याचं. म्हणून नवा नियम असा झाला की साधी मेंदी चालेल, काळी नको, आणि हातावर पुरळ किंवा चीर असेल तर आधी सांगायचं.

मग मूळ यादीच फोडली. पहिला भाग कोपराखालच्या हातांचा: बांगड्या, घड्याळ, धागे, अंगठ्या, नखं, नेलपॉलिश, लांब बाह्या. नैसर्गिक नखं अर्धा सेंटीमीटरपेक्षा लांब नकोत, कृत्रिम नखं अजिबात नकोत. हा भाग रुग्णाच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येकाला लागू. प्रत्येक बाबीपुढे एका ओळीत कारण. मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्हीत. दुसरा भाग केस, बूट आणि लोंबणाऱ्या वस्तूंचा: केस कॉलरच्या वर बांधलेले, बूट बंद आणि न घसरणारे, ओढणी किंवा लांब साखळी नाही. इथेही कारणं सुरक्षिततेचीच. उरलेल्या गोष्टी, म्हणजे क्लिपचा रंग, टिकलीचा आकार, केसांचा रंग, वसतिगृहात काय घालायचं, यांना दंड नको असं मी मांडलं. कारण विचारलं की यांतल्या प्रत्येकीपुढे 'शोभत नाही' यापलीकडे काही लिहिता येत नव्हतं. ज्या नियमापुढे रुग्णाच्या भल्याचं एक वाक्य लिहिता येत नाही, तो दंडाच्या यादीत नसावा, असं माझं ठाम मत आहे. दोघी ज्येष्ठ सहकाऱ्यांचा विरोध होता. गणवेशाला शिस्त हवी, रुग्णाचा विश्वास त्यावर बसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यातही तथ्य आहे. शेवटी केसांचा रंग आणि टिकली दंडातून निघाली, क्लिप काळी किंवा तपकिरीच राहिली.

परिणाम

चार दिवस मुलांच्या वॉर्डात काढून ती एनआयसीयूत गेली आणि पोस्टिंग पूर्ण केली. इनचार्ज सिस्टरांनी तिच्याशी स्वतःहून बोलून त्या सकाळचा विषय मिटवला. दोघींचं पुढे चांगलं जमलं. दंड माफ झाला. गैरहजेरी मात्र नोंदीत राहिली आणि तो दिवस तिला एका रविवारी भरून द्यावा लागला.

एनआयसीयूच्या दाराबाहेर वस्तू ठेवायला कप्पे बसले आणि भिंतीवर कात्री टांगली, मौली कापायला. सुरुवातीला वॉर्डबॉय तयार नव्हते. देवाचा धागा कचऱ्यात जायला नको म्हणून एका मावशींनी तिथे तांब्याचा छोटा गडू ठेवला. कापलेले धागे त्यात जमतात आणि नंतर झाडाच्या बुंध्याशी ठेवले जातात. त्यानंतर अडचण आली नाही. डॉक्टरांचं तेवढं सोपं गेलं नाही. कनिष्ठ डॉक्टर महिन्याभरात घड्याळ काढू लागले, दोन वरिष्ठ मात्र अजूनही घालूनच आत जातात. विद्यार्थिनी ते पाहतात आणि आम्हाला विचारतात. त्यांनी विचारावं, अशीच माझी इच्छा आहे.

गणवेशामुळे थेट किती संसर्ग होतात, याचा पुरावा तोकडा आहे. ब्रिटनचा नियमही मनगट नीट धुता यावं या साध्या तर्कावर उभा आहे. त्यामुळे नव्या नियमांनी अमुक इतके संसर्ग घटले, असा दावा मी करणार नाही. पण बँडेजखाली काही लपवून आलेलं मनगट त्यानंतर माझ्या पाहण्यात आलेलं नाही. लग्न ठरलेल्या मुली आता आधीच येऊन विचारतात.

काय वेगळं करता आलं असतं

लग्नाच्या रजेचा अर्ज तिने तीन आठवडे आधी दिला होता. त्यावर सही करणाऱ्याने तेव्हाच पुढची पोस्टिंग पाहिली असती, तर एनआयसीयूऐवजी समुदाय परिचर्या किंवा मानसिक आरोग्य आधी लावता आलं असतं आणि एनआयसीयू नंतर. आता अर्जावरच त्यासाठी एक रकाना आहे, आणि वेळापत्रक करणाऱ्या बाई तो वाचतात.

दाराशी अडवलेल्या विद्यार्थिनीला बाजूच्या खोलीत नेऊन बोलायचं, हे इनचार्जना कोणी कधी सांगितलेलं नव्हतं. तो दोष त्यांचा एकटीचा नाही. वॉर्ड चालवण्याचं प्रशिक्षण मिळतं, पण सुधारणा कशी सांगावी याचं मिळत नाही. प्रवेशाच्या वेळी पालकांना जी सभा असते, तिच्यात पोस्टर कलरचा धडा ठेवावा, ही सूचना अजून मान्य व्हायची आहे. मी ती दर सत्राला पुन्हा मांडते. सासूबाईंनी मात्र कोणी न सांगता तो धडा आपल्या भिशीतल्या बायकांना करून दाखवला.

गैरहजेरीचं काय करायचं, हेही अनुत्तरित आहे. दाराशी अडवलं म्हणून बुडालेले तास कोणाच्या खाती जावेत, यावर समितीचं एकमत झालेलं नाही. मला वाटतं, नियमाचं कारण विद्यार्थिनीला तिच्या भाषेत आधी दिलेलं नसेल, तर पहिल्या वेळचे तास कॉलेजने सोडून द्यावेत. पुढच्या बैठकीत हा ठराव मी मांडणार आहे.